मानमोडी, लस आणि अवटू ग्रंथी : पुणे–वाघोली परिसरातील एका शंकेचा इतिहास

इ. स. १९१८ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मुंबई इलाख्यात जो ज्वर पसरला त्याला वैद्यकीय अहवालांनी इन्फ्ल्यूएंझा म्हटले. लोकांनी त्याला ‘मानमोडी’ हे नाव दिले. ज्वर चढला की मान धरे, डोके वर उचलवत नसे, आणि धडधाकट माणूस दोन-तीन दिवसांत आडवा होई. हे सारे त्या एका शब्दात सामावले आहे. रोगाला मिळालेले लोकनाम पुष्कळदा ग्रंथातील व्याख्येपेक्षा अधिक सांगून जाते. पुढे जवळजवळ शंभर वर्षांनी, याच रोगावरील लशीसंबंधी, एक नवी शंका पुणे परिसरातील घरांतून विचारली जाऊ लागली आणि तिचाही संबंध मानेशीच, म्हणजे मानेच्या पुढील बाजूस असलेल्या फुलपाखराच्या आकाराच्या एका ग्रंथीशी होता. ज्याचे शरीर स्वतःच्याच अवटू ग्रंथीवर, म्हणजे लोकांच्या बोलण्यातील थायरॉईडवर, हल्ला करीत आहे, त्याने शरीराची प्रतिकारयंत्रणा चेतविणारी लस टोचून घ्यावी काय? ही शंका कोठून आली, तिच्या मुळाशी कोणते अनुभव होते, आणि ती कितपत साधार होती, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

वाघोली हे गाव या कथेत का यावे, हे आधी सांगितले पाहिजे. पुण्याहून अहमदनगरकडे (२०२४ पासून अहिल्यानगर) जाणाऱ्या हमरस्त्यावरील हे हवेली तालुक्यातील गाव. पेशवाईतील सरदार पिलाजी जाधवराव यांच्या घराण्यामुळे आणि वाघेश्वराच्या मंदिरामुळे इतिहासाच्या अभ्यासकांस ते परिचित आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दगडखाणी व खडी फोडण्याची यंत्रे यांनी गावाचे रूप बदलले. त्यानंतर खराडीच्या बाजूने शहर वाढत आले आणि शेतांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. ३० जून २०२१ रोजी पुणे महानगरपालिकेत जी तेवीस गावे समाविष्ट झाली त्यांत वाघोली होते. म्हणजे खाणीवरील मजूर, मूळचा शेतकरी आणि संगणकाच्या कचेरीत काम करणारा नवा रहिवासी हे तिघेही एकाच रस्त्याच्या कडेला राहू लागले. लशीविषयीच्या तीन निरनिराळ्या पिढ्यांच्या समजुती एका गावात शेजारी-शेजारी नांदाव्यात, अशी ही स्थिती होती. म्हणूनच ही शंका तपासण्यास वाघोलीसारखी जागा उपयोगी पडते.

‘लस’ या शब्दाचा मूळ अर्थ जखमेतून अथवा फोडातून पाझरणारा द्रव असा आहे. गाईच्या देवीच्या फोडातील असा द्रव निरोगी माणसाच्या दंडावर टोचून देवीपासून त्याचे रक्षण करण्याची युरोपीय पद्धती मुंबईत १४ जून १८०२ रोजी प्रथम अमलात आली. तीन वर्षांच्या एका मुलीला ती लस टोचण्यात आली होती. पुढे ‘देवी काढणे’ हा वाक्प्रचार मराठीत इतका रुळला की, खेड्यात येणारा सरकारी नोकर ‘देवी डॉक्टर’ म्हणूनच ओळखला गेला. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की, लस सर्वच शरीरांना सारखी मानवत नाही हा विचार देवीच्या लशीबरोबरच आला होता. ज्याच्या अंगावर इसब आहे, किंवा ज्याच्या घरात इसबाचा रोगी आहे, त्याला ही लस टोचू नये, असे वैद्यकाने पुढे सांगितले; कारण ती जिवंत विषाणूंची लस असल्याने रोगट त्वचेवर पसरत असे. ‘मला हा विकार आहे, मी टोचून घेऊ काय?’ हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. त्याला अडाणीपणाचे लक्षण समजण्याची जी सवय अनेक अधिकाऱ्यांस लागली, ती इतिहासास धरून नाही.

पुण्याच्या स्मृतीत लस आणि सक्ती यांची गल्लत झाली ती १८९७ मध्ये. त्या वर्षीच्या प्लेगात घरझडत्या, विलगीकरण छावण्या व सामानाची जाळपोळ यांमुळे लोक संतापले, आणि २२ जून रोजी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. त्याच प्लेगात मुलाच्या रुग्णालयात रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च रोजी निवर्तल्या. परंतु त्या जुलमाचा लशीशी संबंध नव्हता. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली प्लेगची लस त्यांनी १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःस टोचून घेतली होती, आणि नंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिचा प्रयोग झाला. तरीही लोकांच्या मनात सरकारी शिपाई आणि सरकारी सुई या दोन्ही एकाच खात्यात जमा झाल्या. त्यात १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे प्लेगची लस टोचलेल्यांपैकी एकोणीस माणसे धनुर्वाताने मरण पावली. दोष एका कुपीच्या हाताळणीतील दूषिततेचा होता. पण हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले, आणि १९०७ मध्ये ते निर्दोष ठरेपर्यंत लशीची अपकीर्ती व्हायची ती झाली होती. परळच्या त्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिन यांचे नाव देण्यात आले, ही उशिरा झालेली भरपाई म्हणावी लागेल.

मानमोडीच्या साथीपुढे मात्र लशीचा उपायच नव्हता. जून १९१८ मध्ये रोग मुंबई बंदरात शिरला आणि सौम्य वाटला. सप्टेंबरात तो पुन्हा उसळला तेव्हा त्याचे स्वरूप वेगळेच होते. ६ ऑक्टोबर या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. लोहमार्गाने व परतणाऱ्या सैनिकांबरोबर तो दख्खनच्या पठारावर चढला. त्या वर्षी पावसाने दगा दिला होता, धान्य महाग होते, आणि अर्धपोटी शरीरे या ज्वरापुढे टिकली नाहीत. हिंदुस्थानात एकूण किती माणसे दगावली याचा सरकारी अंदाज प्रथम साठ लाखांचा होता. पुढील संशोधकांनी तो सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत नेला. १९२१ च्या खानेसुमारीत देशाची लोकसंख्या १९११ पेक्षा घटलेली आढळली, यावरून आघाताची कल्पना येते. आणखी एक विशेष : युरोपात या साथीत पुरुष अधिक मेले, येथे स्त्रिया अधिक मेल्या. शुश्रूषा करणारी, शेवटी जेवणारी आणि गरोदरपणाने थकलेली अशी ती स्त्री होती. पुढील विवेचनात हीच स्त्री पुन्हा भेटणार आहे.

त्या वेळी जगात इन्फ्ल्यूएंझाच्या नावाने काही लशी टोचल्या गेल्या खऱ्या, पण त्या फायफरने वर्णिलेल्या एका जंतूवर आधारलेल्या होत्या. आणि तो जंतू या रोगाचे कारणच नव्हता. खरा विषाणू माणसापासून वेगळा काढण्यात लंडनच्या तीन संशोधकांना १९३३ मध्ये यश आले, आणि कोंबडीच्या अंड्यात वाढवून मारलेल्या विषाणूंची लस अमेरिकेत १९४५ मध्ये सर्वसामान्य नागरिकांसाठी संमत झाली. ही अंड्याची गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचे प्रयोजन आहे.

आता दुसऱ्या धाग्याकडे वळू. गळ्याला येणाऱ्या गाठीस ‘गलगंड’ हे नाव आपल्या वैद्यकात प्राचीन काळापासून आहे, आणि हिमालयाच्या पायथ्याशी तो विकार आयोडीनच्या अभावी होतो, हे विसाव्या शतकात सिद्ध झाले. कांगडा खोऱ्यात व्ही. रामलिंगस्वामी व त्यांचे सहकारी यांनी १९५६ पासून आयोडीनयुक्त मिठाचा जो प्रयोग केला तो यासंबंधी जगप्रसिद्ध आहे. परंतु गलगंडाचा एक प्रकार आयोडीनच्या हिशेबात बसत नव्हता. जपानमधील हाकारू हाशिमोतो या तरुण शल्यविशारदाने १९१२ मध्ये चार स्त्रियांच्या अवटू ग्रंथींचे वर्णन एका जर्मन नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्या ग्रंथींत लसीका-पेशींची दाटी झालेली होती, जणू ग्रंथीत परक्याने ठाणे द्यावे तशी. तो निबंध जवळजवळ विस्मृतीत गेला. त्याचा अर्थ लागण्यास चव्वेचाळीस वर्षे जावी लागली, याचे कारण एका सिद्धांतात सापडते. विसाव्या शतकाच्या आरंभी पाउल एर्लिख यांनी असे प्रतिपादले होते की, शरीर स्वतःविरुद्ध शस्त्र उचलण्यास बिचकते. एवढ्या थोर शास्त्रज्ञाचे म्हणणे शिष्यांनी नियमाप्रमाणे मानले, आणि उलट पुरावा समोर असूनही दिसेनासा झाला.

तो नियम १९५६ मध्ये मोडला, आणि एकाच वर्षी तीन ठिकाणी मोडला. अमेरिकेतील बफेलो येथे नोएल रोझ व अर्नेस्ट विटेब्स्की यांनी सशाच्या अवटू ग्रंथीचा अर्क सशालाच टोचला, तेव्हा त्याच्या रक्तात त्या ग्रंथीविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण झाली व ग्रंथीही सुजली. लंडनमध्ये आयव्हन रॉइट, डेबोरा डोनियाक व सहकाऱ्यांना हाशिमोतोच्या रोग्यांच्या रक्तात तशीच प्रतिपिंडे आढळली. न्यूझीलंडमध्ये ॲडम्स व पर्व्ह्ज यांना, अवटू ग्रंथी बेसुमार चेतविणाऱ्या दुसऱ्या विकारातील रोग्यांच्या रक्तात, ग्रंथीला दीर्घकाळ उत्तेजित ठेवणारे एक द्रव्य सापडले. तेही पुढे प्रतिपिंडच ठरले. शरीर स्वतःवर उलटू शकते, हा विचार असा अवटू ग्रंथीच्या निमित्ताने वैद्यकात स्थिर झाला.

लशीवरील शंकेचे एक मूळ नेमके येथे आहे. रोझ आणि विटेब्स्की यांनी सशाला टोचलेल्या अर्कात फ्रॉइंड यांनी शोधलेले एक साहाय्यक द्रव्य मिसळले होते. हे तेलकट द्रव्य प्रतिकारयंत्रणेला डिवचते, आणि त्याच्या मदतीने प्रयोग अधिक स्पष्टपणे यशस्वी होतो. काही लशींतही साहाय्यक द्रव्ये असतात. साहाय्यक द्रव्य टोचल्याने सशाची ग्रंथी बिघडली, लशीत साहाय्यक द्रव्य असते, सबब लशीने माणसाची ग्रंथी बिघडेल, अशी तर्काची साखळी सहज तयार होते. ती दिसते तितकी बळकट नाही. सशाच्या ग्रंथीवर हल्ला झाला तो ग्रंथीचाच अर्क टोचल्यामुळे; साहाय्यक द्रव्याने ती चेतवणी वाढविली, दिशा दिली ती अर्काने. त्यातून इन्फ्ल्यूएंझाच्या पुष्कळशा नेहमीच्या लशींत असे द्रव्य नसतेच.

पण शंका केवळ ग्रंथांतून आलेली नाही, हेही मान्य केले पाहिजे. महाराष्ट्रातील कोणत्याही खेड्यात जुन्या माणसाला विचारले, तर कुत्रे चावल्यावर पोटात घेतलेल्या चौदा इंजेक्शनांची आठवण निघते. ती लस कसौली येथे डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये सिद्ध केली होती. तिच्यासाठी विषाणू मेंढीच्या मेंदूत वाढवून मग मारला जाई, आणि त्यामुळे लशीबरोबर मेंढीच्या मज्जातंतूंचा अंशही माणसाच्या शरीरात जाई. त्याला उत्तर देताना काही थोड्या रोग्यांचे शरीर स्वतःच्या मज्जासंस्थेवर उलटे, व त्यांना पक्षाघात होई. लशीने स्वप्रतिकाराचा विकार निर्माण करावा याचे हे उघड उदाहरण होते, आणि ते भारतात २००४ च्या अखेरपर्यंत चालू होते. तेव्हा कोठे ही लस वापरातून गेली. रेबीजचे मरण निश्चित असल्याने लोक धोका पत्करीत, आणि ते बरोबरच होते. मात्र ‘लशीने अंग उलटते’ ही म्हण निराधार नव्हती. फरक कोठे आहे तो मात्र पाहावा लागतो. सेंपलच्या लशीत मज्जातंतू होता म्हणून मज्जातंतूवर हल्ला झाला. इन्फ्ल्यूएंझाची लस कोंबडीच्या अंड्यात वाढविलेली. तिच्यात अवटू ग्रंथीचा लेशही नसतो.

शंकेला तिसरे खाद्य १९७६ मध्ये मिळाले. त्या वर्षी अमेरिकेत फोर्ट डिक्स येथील सैनिकांत डुकरांच्या इन्फ्ल्यूएंझासारखा विषाणू आढळला, आणि १९१८ ची पुनरावृत्ती होणार या भयाने सरकारने देशभर लस टोचण्याचा निर्णय घेतला. ऑक्टोबरच्या आरंभापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत चार कोटींहून अधिक लोकांना लस दिली गेली. साथ आलीच नाही. आली ती गीयाँ–बारे नावाच्या स्वप्रतिकारजन्य पक्षाघाताची वाढ, साधारणपणे लाख लस घेणाऱ्यांमागे एक अधिक रोगी. १६ डिसेंबर रोजी मोहीम थांबविण्यात आली. पुढील वर्षांतील नेहमीच्या लशींबाबत हे प्रमाण दहा लाखांमागे एक-दोन इतके किंवा त्याहूनही कमी निघाले. परंतु एकदा बसलेला डाग आकड्यांनी धुऊन निघत नाही. भीतीला इतिहास असतो आणि ती आकड्यांपेक्षा अधिक काळ जगते. शिवाय ‘स्वप्रतिकार’ हा एकच शब्द दोन्हीकडे असल्यामुळे, मज्जातंतूंचा विकार व अवटू ग्रंथीचा विकार हे एकाच पोत्यात भरले गेले. वास्तविक एका अवयवाविरुद्ध वळलेले शरीर दुसऱ्या कारणाने दुसऱ्या अवयवावर वळेलच, असा नियम नाही.

पुण्याचा या कथेत प्रत्यक्ष प्रवेश होतो तो संशोधनाच्या वाटेने. रॉकफेलर प्रतिष्ठान व भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या सहकार्याने १९५२ मध्ये पुण्यात विषाणू संशोधन केंद्र निघाले. १९७८ मध्ये ते राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था झाले. मे १९५७ मध्ये सिंगापूरहून मद्रासला आलेल्या जहाजाबरोबर ‘एशियन’ इन्फ्ल्यूएंझा देशात शिरला, आणि फेब्रुवारी १९५८ पर्यंत सुमारे ४४ लाख रोगी व अकराशेच्या आसपास मृत्यू नोंदले गेले. मानमोडीच्या मानाने हा आकडा लहान. पण त्याच वर्षी लेनिनग्राडमध्ये मिळालेल्या या जातीच्या विषाणूला सोव्हिएत शास्त्रज्ञांनी थंड तापमानात वाढवून दुर्बल केले, आणि त्याचा वंश पुढे पुण्यात येऊन पोहोचला. तो प्रसंग असा.

मे २००९ मध्ये हैदराबादला एका प्रवाशात नव्या इन्फ्ल्यूएंझाचा पहिला भारतीय रोगी सापडला. ३ ऑगस्ट रोजी देशातील पहिला मृत्यू पुण्यात झाला. चौदा वर्षांची शाळकरी मुलगी दगावली. त्यानंतरचे काही आठवडे पुणेकरांच्या स्मरणात आहेत. शाळा, महाविद्यालये आणि चित्रपटगृहे बंद झाली. नायडू रुग्णालयापुढे तपासणीसाठी रांगा लागल्या, मुखपट्ट्या दुकानांतून नाहीशा झाल्या, आणि २३ ऑगस्टला आलेला गणेशोत्सव सावधपणे पार पडला. तपासणी केंद्रे उघडण्यासाठी शासनाने जो कायदा वापरला तो १८९७ चा साथरोग कायदा, म्हणजे प्लेगच्या वेळचाच. एकशे बारा वर्षांनी त्याच शहरात पुन्हा तोच कायदा. इतिहासाचे असे योगायोग क्वचितच जुळतात.

हडपसर येथे सायरस पूनावाला यांनी १९६६ मध्ये स्थापिलेल्या सीरम इन्स्टिट्यूटने जुलै २०१० मध्ये या विषाणूवरील लस बाजारात आणली. ती सुईने टोचण्याची नव्हती, नाकात फवारण्याची होती. लशीतील विषाणू जिवंत परंतु दुर्बल होता, आणि त्या दुर्बलतेचा पाया १९५७ चा लेनिनग्राडचा विषाणू हाच होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्फत तो पुण्यास मिळाला. अहमदाबादहून त्याआधी महिनाभर मृत विषाणूंची टोचण्याची लस आली होती. या दोन लशींतील भेद सामान्य माणसाला कळणे कठीण, परंतु अवटू ग्रंथीच्या रोग्याच्या प्रश्नाला उत्तर देताना नेमका हाच भेद निर्णायक आहे. जिवंत विषाणूंची लस गर्भवती स्त्रीला आणि प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या रोग्याला देऊ नये, असा नियम आहे. आता ‘स्वप्रतिकार’ म्हणजे ‘क्षीण प्रतिकार’ नव्हे. हाशिमोतोचा रोगी रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी घेतो. ती गोळी म्हणजे ग्रंथीने स्वतः निर्माण करावयाचे द्रव्य बाहेरून पुरविणे होय, आणि तिने प्रतिकारशक्ती मुळीच कमी होत नाही. अशा रोग्यास मृत विषाणूंची लस घेण्यास कसलीही अडचण नाही. उलट ज्यांना डोळ्यांवरील परिणामासाठी दीर्घकाळ स्टेरॉइडे द्यावी लागतात, त्यांच्या बाबतीत जिवंत लस टाळावी लागते. या साध्या विवेकाऐवजी ‘थायरॉईड आहे, टोचू नका’ असा सरसकट सल्ला देणे रोग्याच्या हिताचे नव्हते.

या प्रश्नाला अधिक गंभीर असे एक अंग आहे, आणि ते फारसे बोलले गेले नाही. अवटू ग्रंथी बेसुमार चाललेल्या रोग्याला कार्बिमाझोल नावाचे औषध दिले जाते. क्वचित प्रसंगी हे औषध रक्तातील पांढऱ्या पेशी एकदम नाहीशा करते, आणि त्याची पहिली लक्षणे म्हणजे ताप व घसा दुखणे. इन्फ्ल्यूएंझाची पहिली लक्षणेही तीच. साथीच्या दिवसांत अशा रोग्याचा ताप ‘फ्लू असेल’ म्हणून सोडून दिला गेला, तर रोगी प्राणास मुकू शकतो. त्याची रक्तपेशींची तपासणी त्याच दिवशी झाली पाहिजे. दुसरे असे की, ज्याची ग्रंथी नियंत्रणात आलेली नाही त्याला खराखुरा इन्फ्ल्यूएंझा झाला, तर त्या ज्वराने ग्रंथीचे वादळ उठते व हृदयावर ताण येऊन जिवावर बेतते. शिवाय विषाणूजन्य घसादुखीनंतर अवटू ग्रंथी दुखरी सुजल्याची उदाहरणे वैद्यकाला परिचित आहेत. इन्फ्ल्यूएंझाच्या लशीनंतर अशी सूज आल्याची तुरळक वृत्ते नियतकालिकांत आहेत, हे लपविण्याचे कारण नाही. परंतु तराजूच्या दुसऱ्या पारड्यात रोग स्वतः आहे, आणि ते पारडे अधिक जड आहे. शंका काढणाऱ्याने दोन्ही पारडी पाहावीत, एवढीच अपेक्षा.

ही शंका पूर्वी क्वचित निघे आणि आता घरोघर का निघते? याचे उत्तर अंशतः मिठात आहे. आयोडीनरहित खाद्य मिठाच्या विक्रीवर देशभर बंदी आली, ती उठविली गेली, आणि १७ मे २००६ पासून ती पुन्हा अमलात आली. गलगंड हटला, हे या धोरणाचे यश आहेच. पण ज्याला तो विकार जडण्याची प्रवृत्ती आहे अशा माणसात आयोडीनच्या वाढीने स्वप्रतिकारी विकार थोडा अधिक उघड होतो, असे अनेक देशांत दिसून आले आहे. तपासण्याही वाढल्या. मुंबई व गोव्यासह आठ शहरांत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत प्रौढांपैकी सुमारे ११ टक्के लोकांत अवटू ग्रंथीचे कार्य मंद आढळले, आणि पाचांपैकी एकाहून अधिकांच्या रक्तात ग्रंथीविरुद्धची प्रतिपिंडे होती. ज्यांच्या रक्तात प्रतिपिंडे आहेत, पण ज्यांना रोग नाही, असे लोक फार मोठ्या संख्येने असतात हे यावरून कळते. त्यांना लस नाकारावयाची, तर शहराचा पंचमांश भाग वगळावा लागेल.

रोग्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांच्या कितीतरी पट आहे. मानमोडीत अधिक बळी पडलेली स्त्रीच आता या शंकेच्या केंद्रस्थानी आली. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने इन्फ्ल्यूएंझाच्या लशीची मोफत सोय केली तेव्हा प्राधान्य गरोदर स्त्रिया, मधुमेह व रक्तदाबाचे रोगी आणि आरोग्यसेवक यांना होते. वाघोलीसारख्या गावात गरोदर स्त्रीची अवटू ग्रंथीची तपासणी आणि लशीचा सल्ला या दोन्ही गोष्टी एकाच तपासणीच्या वेळी समोर येऊ लागल्या. ज्या स्त्रीला नव्यानेच कळले की आपली ग्रंथी मंद आहे आणि गोळी चुकवावयाची नाही, तिलाच त्याच महिन्यात लशीविषयी विचारले जाते. दोन अपरिचित गोष्टी एकदम आल्या की, त्या परस्परांशी संबद्ध आहेत असे वाटणे मानवी स्वभावास धरून आहे. अशा वेळी घरातील सासूबाईंच्या आठवणीतील चौदा इंजेक्शने आणि मोबाइलवर आलेला निनावी मजकूर यांपैकी कोणाचा आवाज मोठा ठरतो, हे प्रत्येक घरी वेगळे. गर्भारपणात मृत विषाणूंची लस घेतल्यास तिने मिळविलेले प्रतिपिंड बाळालाही पहिले काही महिने पुरते. सहा महिन्यांखालील बाळाला इन्फ्ल्यूएंझाची लस टोचता येत नसल्याने त्याला दुसरे संरक्षण नसते. हे मुद्दाम सांगितले गेले, तर निर्णय पुष्कळदा बदलतो.

२०२१ मध्ये करोनाच्या लशीने हीच शंका सर्वत्र पसरविली. १ मार्च रोजी पंचेचाळीस ते एकोणसाठ वयाच्या लोकांतील ज्या वीस विकारांच्या रोग्यांना लस खुली झाली, त्या यादीत अवटू ग्रंथीचा विकार नव्हता. यादी करणाऱ्यांचा हेतू सरळ होता : करोनाने ज्यांचा जीव अधिक धोक्यात येतो त्यांना आधी लस द्यावी, आणि औषधाने नियंत्रित अवटूचा रोगी त्यांत मोडत नाही. परंतु यादीत नाव नाही याचा अर्थ ‘आपणांस लस वर्ज्य’ असाही लावता येतो. सरकारी यादीचे दोन्ही अर्थ संभवत असताना तिच्याखाली एक ओळ स्पष्टीकरणाची का घातली जात नाही, हा प्रश्न १८९७ पासून आजपर्यंतच्या प्रशासनाला विचारण्यासारखा आहे. इन्फ्ल्यूएंझाच्या बाबतीतही असाच घोटाळा अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या यादीत आढळतो. तिच्यात ‘अंतःस्रावी विकार, उदाहरणार्थ मधुमेह’ अशा आशयाची नोंद आहे. अवटूचा विकार हा अंतःस्रावीच. मग तो यादीत आला की उदाहरणाबाहेर राहिला? ज्याची गोळी ठरलेली आहे आणि रक्ततपासणी समाधानकारक आहे, त्याचा धोका मधुमेह्याएवढा नसतो, पण लस घेण्यात त्याचे नुकसानही नसते.

लशीच्या वेळेसंबंधी पुण्याच्या हवेचा एक विशेष आहे. उत्तर गोलार्धातील देशांत इन्फ्ल्यूएंझा हिवाळ्याचा रोग समजला जातो आणि लस शरद ऋतूत घेतली जाते. पुण्यात मात्र त्याचा मोठा जोर पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर या काळात येतो. हिवाळ्याच्या अखेरीस दुसरी लहान लाट असते. १९१८ ची मारक लाट सप्टेंबरात उसळली, २००९ ची ऑगस्टात. म्हणून येथे लस मृगाच्या आधी, एप्रिल–मे मध्ये, घेणे सोयीचे. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, उत्तर व दक्षिण गोलार्धासाठी स्वतंत्रपणे, लशीतील विषाणूंची निवड जाहीर करते, आणि पुण्याच्या पावसाळी साथीला दक्षिण गोलार्धासाठी जाहीर झालेली निवड काळाच्या दृष्टीने अधिक जवळची पडते. लस टोचलेल्या दंडाला एक-दोन दिवस दुखणे, किंचित ताप येणे हे अपेक्षित असते. थायरॉक्सिनची गोळी त्या दिवशीही उपाशीपोटी, नेहमीच्याच वेळी घ्यावयाची. कार्बिमाझोल घेणाऱ्याने मात्र ताप आला, किंवा घसा धरला, तर ‘लशीचा ताप असेल’ असे न म्हणता रक्त तपासून घ्यावयाचे.